एक पळून महागली, एक उभी राहून

फेरारीच्या दोन गाड्यांची तुलना निघाली की गप्पा लगेच हॉर्सपॉवरवर जातात. १९६२ची २५० जीटीओ : ३ लिटरचं व्ही-१२ इंजिन, साधारण ३०० हॉर्सपॉवर. १९८७ची एफ-४० : २.९ लिटरचं व्ही-८, दोन टर्बो, ४७८ हॉर्सपॉवर, ताशी ३२०च्या वर वेग. आकड्यांत निकाल चटकन लागतो. मला या दोघींच्या जन्मकथा जास्त बोलक्या वाटतात.

जीटीओमधला ‘ओ’ म्हणजे ‘ओमोलोगातो’, शर्यतीसाठी मान्यता मिळालेली. त्या मान्यतेसाठी १०० गाड्या बनवायचा नियम होता. एन्झो फेरारींनी १९६४पर्यंत बनवल्या फक्त ३६. ही नवी गाडी नाहीच, आमच्या आधीच्या २५० जीटीचंच सुधारलेलं रूप आहे, असं सांगून त्यांनी नियमातून वाट काढली. गाडीनं पहिल्याच वर्षी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला आणि सलग तीन वर्षं आपल्या गटाचं विजेतेपद जिंकलं.

पण शर्यतीची गाडी लवकर जुनी होते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एक जीटीओ चक्क हायस्कूलला देऊन टाकली गेली, पोरांना वर्कशॉपमध्ये शिकायला. १९७२मध्ये ती ६,५०० डॉलरला विकली गेली आणि पुढे कित्येक वर्षं उघड्यावर ट्रेलरवर पडून होती. २०१८मध्ये दुसऱ्या एका जीटीओला लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले.

एफ-४०ची गोष्ट उलटी. तिचं मूळ ‘ग्रुप बी’ शर्यतींसाठी चाललेल्या प्रयोगांत होतं. जीवघेण्या अपघातांनंतर १९८६मध्ये तो गटच गुंडाळला गेला. शर्यत गेली, गाडी उरली. कंपनीच्या चाळिसाव्या वर्षी ती लोकांसमोर आली. आत कार्पेट नाही, रेडिओ नाही, दार उघडायला नुसती दोरी. एन्झो तेव्हा ८९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते गेले, आणि त्यांच्या हयातीत आलेली ही शेवटची नवी फेरारी ठरली.

तोवर जुन्या जीटीओंचे भाव आकाशाला भिडले होते आणि एफ-४० घेणाऱ्यांना ते ठाऊक होतं. अनेकांनी ती चालवायला नव्हे, पुढे विकायला घेतली. मागणी पाहून कंपनीनं ठरवलेल्या ४००ऐवजी १,३००च्या वर गाड्या बनवल्या. नव्वदीच्या सुरुवातीला बाजार कोसळला, तेव्हा सट्टेबाजांचे हात पोळले. आज तिचे भाव पुन्हा चढलेत, लिलावात २० लाख डॉलरच्याही वर जातात.

तरी एक फरक कायम आहे. जीटीओ विकताना आधी विचारतात, ती कुठकुठल्या शर्यतीत धावली, कोणी चालवली. अजूनही काही मालक तिला ट्रॅकवर उतरवतात. एफ-४० विकताना आधी किलोमीटर बघतात, आणि ते जितके कमी तितका भाव जास्त. पळण्यासाठी दोघीही जन्मल्या. एकीची किंमत तिच्या पळण्यानं ठरली, दुसरीची न पळण्यानं. गाडी म्हणून मला पहिलीचं नशीब थोर वाटतं, शाळेतल्या आणि ट्रेलरवरच्या त्या वर्षांसकट.