एक मिलिमीटरची चकती: स्वस्त वाइड लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर कशी चढली

फोनच्या कॅमेऱ्यातलं ‘०.५’चं बटण दाबलं की छोट्याशा खोलीतले सगळे नातेवाईक एका फोटोत मावतात. फोनमध्ये ही सोय सर्रास दिसायला लागली ती २०१९ च्या आसपास. फिल्मच्या काळात एवढ्यासाठी वेगळी वाइड अँगल लेन्स घ्यावी लागायची, आणि ती महाग असायची. मग ज्यांचा खिसा लहान, त्यांनी काय केलं? जुना कॅमेरा एका देशातला, स्वस्त लेन्स दुसऱ्या देशातली, आणि लागलीच तर मध्ये एक पातळ चकती. आजचा भाग या जुळवाजुळवीच्या इतिहासाचा आहे. यात महायुद्ध आहे, उचलून नेलेला कारखाना आहे, आणि एका मिलिमीटरचा हिशोब आहे.

बरणीच्या झाकणासारखी लेन्स

जर्मनीतल्या वेट्झलार गावची लाइट्झ कंपनी मुळात मायक्रोस्कोप बनवणारी. तिथल्या ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा घडवला, तो म्हणजे लायका. १९२५ मध्ये तो बाजारात आला, तेव्हा त्याची लेन्स पक्की बसवलेली होती. १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा लायका आला. लेन्सच्या बुडाला आटे, कॅमेऱ्याच्या तोंडाला आटे. बरणीचं झाकण लावतो तशी लेन्स फिरवून बसवायची. व्यास ३९ मिमी.

पण सुरुवातीला एक अडचण होती. लेन्स जिथे टेकते ती कडा आणि आतली फिल्म, यांच्यातलं अंतर प्रत्येक कॅमेऱ्यात किंचित वेगळं असायचं. त्यामुळे लेन्स त्या-त्या कॅमेऱ्यालाच जुळवून दिली जायची. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर ती लावली तर फोटो धूसर. १९३१ मध्ये लायकाने हे अंतर ठरवून टाकलं: २८.८ मिमी. आता कुठलीही लेन्स कुठल्याही नव्या लायकावर चालणार होती.

लायकाने ही सोय आपल्या गिऱ्हाइकांसाठी केली. फायदा मात्र पुढे सगळ्यांचाच झाला. आट्याचं माप आणि हे अंतर कळलं की लेन्स कुणालाही बनवता येत होती. युद्धानंतर जपानमधल्या कॅनन आणि निकॉनने या आट्याच्या लेन्स बनवल्या. सोव्हिएत युनियनमध्ये तर खारकीव्हजवळच्या, अनाथ मुलांसाठी उभारलेल्या एका वसाहतीत १९३४ पासून लायकाची नक्कल तयार होत होती. तिचं नाव फेड.

येनाहून कीव्हला

आपल्या गोष्टीतली मुख्य लेन्स मात्र लायकाची नाही. लायकाचा मोठा स्पर्धक होता त्साइसचा कॉन्टॅक्स. त्याच्यासाठी लुडविग बेर्टेले या डिझायनरने १९३० च्या दशकात एक ३५ मिमीची वाइड लेन्स आखली: बिओगॉन, एफ २.८. त्या काळात वाइड लेन्समध्ये एवढा प्रकाश आत घेणं मोठी गोष्ट होती. त्यासाठी बेर्टेलेने मागची काच भलीमोठी केली आणि ती कॅमेऱ्याच्या पोटात, फिल्मच्या अगदी जवळ नेऊन ठेवली. हे पोटात शिरणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९४५ मध्ये जर्मनी हरली. त्साइसचं येना शहर आधी अमेरिकन सैन्याच्या हातात आलं. ते जाताना निवडक शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ पश्चिमेकडे घेऊन गेले. मग सोव्हिएत सैन्य आलं. युद्धाची भरपाई म्हणून कारखान्यातली यंत्रं उतरवली गेली, आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये येनातल्या कित्येक तज्ज्ञांना कुटुंबासकट सोव्हिएत युनियनला नेण्यात आलं. त्यांना विचारलं कुणी नव्हतं. दुसऱ्या बाजूला, ज्या देशाची गावंच्या गावं जर्मन सैन्याने जाळली होती, त्या देशाला ही वसुली अजिबात जास्त वाटत नव्हती.

कॉन्टॅक्स बनवायची सामग्री गेली कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात. कॅमेऱ्याचं नाव झालं ‘कीव्ह’. बिओगॉनची सोव्हिएत आवृत्ती आली, तिचं नाव पुढे ‘ज्युपिटर-१२’ पडलं. बेर्टेलेचं नाव तिच्यावर कुठेच नाही. नवा शोध लावायचा खर्च नव्हता, आणि सरकारी कारखान्यांत ती काही दशकं बनत राहिली. त्यामुळे जर्मन वाइड लेन्सच्या मानाने ती खूप स्वस्त मिळायची.

यातला विनोद बघा. पश्चिम जर्मनीत त्साइसने १९५० मध्ये नवा, आटोपशीर कॉन्टॅक्स टू-ए काढला. त्याचं पोट इतकं लहान होतं की युद्धापूर्वीची बिओगॉन त्यात मावेना! सोव्हिएत कीव्हमध्ये मात्र ती आरामात बसत होती.

एक मिलिमीटर

ज्युपिटर-१२ दोन प्रकारांत निघाली: एक कीव्हसाठी, दुसरी ३९ मिमी आट्याची. दुसरी थेट जुन्या लायकावर चढायची. पण १९५४ मध्ये लायकाने आटे सोडून एम-३ हा नवा कॅमेरा आणला. यात लेन्स अडकवून थोडी फिरवली की ‘खट’ करून बसते. मग जुन्या लेन्स वाया?

नाही. नव्या कॅमेऱ्याचं ते मघाचं अंतर होतं २७.८ मिमी. २८.८ वजा २७.८, बरोबर एक. म्हणजे एक मिलिमीटर जाडीची चकती मध्ये घातली की जुनी लेन्स नेमक्या जागी येते. हा योगायोग नाही. जुनी गिऱ्हाइकं सोबत राहावीत म्हणून लायकाने तेवढी जागा मुद्दाम सोडली होती आणि अशा चकत्या स्वतः विकल्याही. त्याच चकतीवरून ज्युपिटर-१२ सुद्धा आत शिरली. शीतयुद्ध ऐन भरात, आणि पश्चिमेच्या सगळ्यात मानाच्या कॅमेऱ्यावर सोव्हिएत लेन्स.

थोडी गैरसोय होती. एम-३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ३५ मिमीची चौकट नाही, म्हणून वर वेगळा फाइंडर लावावा लागतो. ज्युपिटर-१२ चं अ‍ॅपर्चर बदलायचं कडं लेन्सच्या तोंडात, आतल्या बाजूला आहे. बोट घालून फिरवताना काचेवर ठसे उमटतातच. शिवाय मागची काच! लायका एम-५ किंवा सीएलमध्ये प्रकाश मोजणारा एक छोटा दांडा फिल्मसमोर येतो. तिथे ही लेन्स लावणं म्हणजे दांडा मोडायला आमंत्रण.

आटे जुळले म्हणून लेन्स जुळत नाही

जुन्या वस्तू घेणारे आजही एका ठिकाणी फसतात. सोव्हिएत झेनिट हा आरशाचा, म्हणजे एसएलआर कॅमेरा. सुरुवातीच्या झेनिटचे आटेही ३९ मिमीचेच. ज्युपिटर-१२ त्यात फिरायला लागते, आणि मागची काच जाऊन आरशाला भिडते. कारण आरशाला जागा हवी म्हणून झेनिटचं अंतर आहे ४५.२ मिमी. तोंड तेच, खोली वेगळी.

एसएलआरसाठी वाइड लेन्सची रचनाच उलटी करावी लागली, म्हणजे मागची काच फिल्मपासून लांब ठेवावी लागली. १९५० मध्ये फ्रान्सच्या पिएर आंजेनिओने अशी ३५ मिमी लेन्स आणली, तिचं नाव रेट्रोफोकस. तेव्हा घेताना आधी अंतर विचारा, मग आटे.

१९९९: जुनं दार पुन्हा उघडलं

१९९० च्या दशकात आट्याचा लायका संग्रहाची वस्तू झाला होता. जपानची कोसिना कंपनी तोवर प्रामुख्याने दुसऱ्यांच्या नावाने कॅमेरे बनवायची. तिने फोखटलेंडर हे जुनं जर्मन नाव वापरायचा परवाना घेतला आणि १९९९ मध्ये एक १५ मिमीची लेन्स काढली, चक्क ३९ मिमी आट्याची. जवळपास ११० अंशांचा कोन, म्हणजे तुमच्या ०.५ च्या आसपास. सोबत फाइंडरही मिळायचा, आणि किंमत लायकाच्या अतिवाइड लेन्सपेक्षा कितीतरी कमी.

या लेन्सचा फोकस कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरला जोडलेलाच नव्हता. पण इतक्या वाइड लेन्सला त्याचं फारसं अडत नाही. एफ ८ वर ठेवून फोकस एक मीटरवर लावा, साधारण अर्ध्या मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. १९३० च्या दशकातल्या लायकावरही ती तशीच चालते. कॅमेरा आजोबांच्या वयाचा, लेन्स नातवाच्या.

आता फोनकडे परत बघा. ०.५ ची लेन्स फोन बिघडला की त्याच्यासोबत जाते. ती काढून दुसऱ्या फोनला लावायची सोयच नाही. बार्नाकचा लायका, बेर्टेलेची आखणी, कीव्ह आणि येनातले कामगार, कोसिनाची काच: यातलं कुणी कुणासाठी काम करत नव्हतं, काही तर एकमेकांचे शत्रू होते. तरी त्यांच्या वस्तू आजही एकमेकांत बसतात, कारण १९३१ मध्ये एक माप ठरलं आणि ते पाळलं गेलं. पुढच्या वेळी एखादी कंपनी तिच्याच चार्जरला, तिच्याच केबलला तुम्हाला बांधून ठेवेल, तेव्हा ही एक मिलिमीटरची चकती आठवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर घरातल्या कपाटात जुना कॅमेरा असेल तर बाहेर काढा, लेन्स फिरवून बघा. निघाली, तर आटे मोजा. आणि हो, अंतरही!