तेरा महिन्यांचे मास्तर

मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. तो म्हणतो, "दादा, मी सहा वर्षं आयटीत आहे. मला शाळेत शिकवायचंय. पण त्यासाठी नोकरी सोडून दोन वर्षं बी.एड. करायला लागतं. घराचे हप्ते चालू आहेत. आधी दुसरं काम केलेल्या माणसासाठी शाळेत यायची वेगळी वाट कधी कुणी काढलीच नाही का?"

काढली होती. आणि एकदा नाही, बऱ्याचदा. आजचा एपिसोड त्याबद्दल आहे. पण आधी एक कबुली देतो, कारण हा प्रश्न माझाही आहे.

मी इंजिनियर. दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, रात्री हा पॉडकास्ट. गेल्या वर्षापासून दर शनिवारी एका शाळेत सहावीला गणित शिकवायला जातो, फुकट, हौस म्हणून. पहिल्याच महिन्यात फळ्यावर गणित दिलं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन. एका मुलानं उत्तर दिलं, दोन छेद पाच. मी म्हटलं, "चूक. छेद समान कर." आणि पुढे गेलो.

मागे वर्गाच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी त्या मुलाला विचारलं, "कसं काढलंस रे?" तो म्हणाला, "बाई, पहिल्या वेळी दोन बॉलमधला एक लागला, दुसऱ्या वेळी तीनमधला एक. म्हणजे पाच बॉलमधले दोन लागले ना?"

आता बघा, क्रिकेटच्या हिशेबानं त्याचं बरोबरच होतं! तो वेगळाच प्रश्न सोडवत होता. बाईंनी दोन सारख्या भाकऱ्या काढल्या फळ्यावर. एकीचा अर्धा भाग रंगवला, दुसरीचा तिसरा भाग. मग त्याला विचारलं, "हे दोन्ही तुकडे एकत्र केले तर अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त की कमी?" तो म्हणाला, "जास्त." "आणि दोन छेद पाच?" पोरगं हसलं. दोन छेद पाच अर्ध्यापेक्षा कमी, हे त्याचं त्यालाच कळलं.

मला गणित येत होतं. पण "कसं काढलंस" हे विचारायचं असतं, हे मला येत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

युद्ध संपत आलं, शिक्षक कुठून आणायचे?

चला, १९४४ च्या इंग्लंडमध्ये जाऊ. दुसरं महायुद्ध चालू आहे. शाळांतले कितीतरी पुरुष शिक्षक सैन्यात गेलेत. बॉम्बहल्ल्यांत शाळांच्या इमारती पडल्यात. आणि नेमका त्याच वर्षी नवा शिक्षण कायदा झाला. तो मांडला होता आर. ए. बटलर यांनी. कायदा म्हणाला, माध्यमिक शिक्षण सगळ्यांना, सरकारी शाळेत फी नाही. आणि शाळा सोडायचं वय १४ वरून १५. हे नवं वय १ एप्रिल १९४७ पासून लागू झालं.

म्हणजे काय झालं? एका फटक्यात अख्खी एक इयत्ता वाढली. मुलं आहेत, कायदा आहे, शिक्षक नाहीत. नेहमीच्या ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं लागायची, आणि तिथं जागाही मोजक्याच.

मग सरकारनं एक योजना काढली. तिच्या नावात 'इमर्जन्सी' असा शब्द होता. आपल्याला तो ऐकला की १९७५ आठवतं, म्हणून आपण तिला म्हणू तातडीची प्रशिक्षण योजना. कोर्स साधारण १३ महिन्यांचा. अट काय? वय निदान २१, आणि निदान एक वर्ष सैन्यात किंवा युद्धाच्या दुसऱ्या एखाद्या कामात काढलेलं असावं. डिग्री? गरज नाही. निवड मुख्यतः मुलाखतीवर.

विचार करा, कोण आलं असेल! सैनिक, खलाशी, विमानदलातले मेकॅनिक, कारकून, युद्धकाळात कारखान्यात राबलेल्या बायका. यातल्या अनेकांची स्वतःचीच शाळा १४ व्या वर्षी सुटलेली. लाखाच्या वर अर्ज आले. आणि आपल्या श्रोत्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: फी नव्हती, उलट घर चालवायला भत्ता मिळायचा. हप्त्यांचा प्रश्न तिथं सरकारनं आधीच धरला होता.

कॉलेजं कुठं भरवायची? जिथं जागा मिळेल तिथं. लष्करी छावण्या, रिकामी झालेली हॉस्पिटलं, जुने वाडे. उत्तर लंडनमधलं ट्रेंट पार्क घ्या. युद्धात तिथं पकडलेले जर्मन जनरल ठेवले होते आणि भिंतींत मायक्रोफोन लपवून त्यांच्या गप्पा ऐकल्या जात होत्या. युद्ध संपलं आणि त्याच वाड्यात भावी शिक्षकांचं कॉलेज सुरू झालं!

तेरा महिने, आणि त्यानंतर?

आता इथं बहुतेक लोक गोष्ट थांबवतात. "बघा, एका वर्षात शिक्षक तयार होतो, मग आपल्याकडे कशाला एवढं लचांड?" मीसुद्धा आधी असंच समजायचो. पण पुढची ओळ वाचली आणि थांबलो.

तेरा महिने संपले की माणूस वर्गावर जायचा, पण पक्का व्हायचा नाही. पुढची दोन वर्षं तो उमेदवारीवर. शिकवायचं, शिवाय जोडीला ठरवून दिलेला अभ्यासही करायचा. म्हणजे शिकणं एकूण तीन वर्षांचं, फक्त त्यातली दोन पगार घेऊन.

योजना सरकारनं १९५१ मध्ये बंद केली. तोपर्यंत सुमारे ३५,००० शिक्षक तयार झाले होते. त्या काळात तिथल्या सरकारी शाळांमध्ये दर सहा शिक्षकांतला साधारण एक या वाटेनं आलेला होता. वय १५ चा कायदा कागदावर राहिला नाही, त्यात या लोकांचा मोठा हात आहे.

सगळं गोड होतं का? नाही. निवड होऊनही कॉलेजात जागा मिळेपर्यंत अनेकांना एक-एक वर्ष आणि त्याहून जास्त थांबावं लागलं. बालवर्गांसाठी बायका कमी पडल्या. 'तातडीवाले' असा शिक्का काहींना बरीच वर्षं पुसता आला नाही. आणि शिक्षकांना एक भीती होती, ती मला अजिबात खोटी वाटत नाही: आज तुम्ही तेरा महिन्यांत मास्तर केलात, उद्या म्हणाल तीन महिन्यांत होतो, परवा म्हणाल शिकवायला शिकावंच कशाला लागतं?

न्यू जर्सीचा प्रयोग

ही भीती किती खरी, ते बघायला आपल्याला चाळीस वर्षं पुढे आणि समुद्रापलीकडे जायला हवं. १९८३ मध्ये अमेरिकेत एक सरकारी अहवाल गाजला, 'अ नेशन ॲट रिस्क'. त्याचं म्हणणं, आपल्या शाळांचा दर्जा घसरतोय, देश धोक्यात आहे. त्या वेळी तिथं प्रशिक्षित शिक्षक मिळाला नाही की शाळा 'इमर्जन्सी सर्टिफिकेट'वर कुणालाही घ्यायच्या. पुन्हा तोच शब्द! पण इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ होता लवकर प्रशिक्षण. इथं अर्थ होता प्रशिक्षणच नाही.

न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर थॉमस केन आणि शिक्षण आयुक्त सॉल कूपरमन यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मोडायचं ठरवलं. त्यांनी दुसरं दार उघडलं. पदवी हवी, आपल्या विषयाची परीक्षा पास हवी, आणि एखादी शाळा नोकरी द्यायला तयार हवी. मग सुरुवातीचं थोडक्यात प्रशिक्षण, पगारावर नोकरी, आणि पहिल्या वर्षभरात मिळून २०० तासांचे वर्ग. सोबत शाळेतलाच अनुभवी शिक्षक मेंटर म्हणून. वर्ष नीट पार पडलं की पक्कं सर्टिफिकेट. १९८५ मध्ये पहिली तुकडी वर्गात गेली.

आधी दुसरी नोकरी केलेली माणसं या दारानं आली. नेहमीच्या कॉलेजातून येत होते त्यापेक्षा कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक शिक्षकांचं प्रमाण इथं जास्त होतं, हे महत्त्वाचं. पुढे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी अशी काहीतरी वाट काढली.

पण तक्रारही झाली, आणि ती मेंटरबद्दल होती. नियमात मेंटर आहे, पण त्याला स्वतःचे तास आहेत. तो नव्या माणसाच्या वर्गात मागे येऊन बसणार कधी? पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री इथंच लागते, कारण हे काम बाहेरून दिसत नाही. नवा शिक्षक वर्गात उभा आहे, हजेरी होतेय, म्हणजे सगळं चाललंय!

आणि आपण?

आपल्याकडे गंमत उलटी झाली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि तेव्हा देशभर लाखो लोक पात्रतेशिवायच शिकवत होते. त्यांना मुदत मिळाली, ती हुकली. २०१७ मध्ये कायदा बदलून ३१ मार्च २०१९ ची नवी मुदत दिली. मग एनआयओएसनं १८ महिन्यांचा डी.एल.एड. काढला, बराचसा 'स्वयम्' पोर्टल आणि टीव्ही चॅनलवर. दहा लाखांच्या वर शिक्षकांनी नाव घातलं. म्हणजे तिकडे शाळेबाहेरच्या माणसाला आत आणायला वाट काढली, आपल्याकडे आत असलेल्यांना कागद द्यायला.

बाहेरून येणाऱ्यासाठी मात्र २०१५ पासून बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात चार वर्षांची पदवी किंवा एम.ए., एम.एस्सी.सारखी पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी एका वर्षाचं बी.एड. सुचवलंय. तेव्हा मित्रा, दार उघडायची भाषा तरी आहे.

पण ते उघडलं की एकच गोष्ट बघ. कोर्स किती महिन्यांचा, हे दुसऱ्यांदा विचार. पहिल्यांदा विचार, वर्गात मागे कोण बसणार आहे? इंग्लंडनं वेळ वाचवला, पण पुढची दोन वर्षं माणसाला सोडून दिलं नाही. न्यू जर्सीनं मेंटर कागदावर ठेवला, आणि जिथं तो कागदावरच राहिला तिथं नवखा माणूस एकटा पडला. त्याची किंमत त्यानं एकट्यानं नाही भरली. ती मुलांनीही भरली. दोन छेद पाच म्हणणारा तो मुलगा, बाई तिथं नसत्या तर एवढंच शिकला असता की आपल्याला गणित येत नाही.

म्हणून मी काय केलं? या वर्षी बी.एड. सीईटीचा फॉर्म भरलाय. आई म्हणते, "बाबा रे, इंजिनियरिंग कशाला केलंस मग?" तिला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही. आणि दर शनिवारी आता मीच मागच्या बाकावर बसतो. पुढे बाई शिकवतात, मी वहीत लिहून घेतो, त्यांनी कुठला प्रश्न कधी विचारला ते.

तुमच्यापैकी कुणी दुसरं काम सोडून शिक्षक झालं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पहिल्या वर्षी तुमच्या मागे कोण बसलं होतं, की कुणीच नव्हतं? पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!