कोर्लईचा डोंगर आणि खालची भाषा

कोर्लईचा डोंगर चढायला फार तर अर्धा तास. सह्याद्रीत भटकणारे त्याला टेकाडच म्हणतील. पण परवा दीपगृहाजवळच्या पायऱ्या चढून वर गेलो, तटावर जरा टेकलो आणि उठावंसंच वाटेना. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी आणि खाडीच्या मुखापलीकडे माडांत बुडालेला रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचं चौल.

या डोंगराचं मोल त्या मुखामुळे. बंदरात शिरणारं गलबत याच्या समोरूनच जाणार. म्हणून तर १५९४ मध्ये निजामशाहीने चौलच्या पोर्तुगीजांवर मारा करायला इथे तटबंदी उभारली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगीजांनी ती जिंकून घेतली. पुढे १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० च्या तहाने चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं. सॅन फ्रान्सिस्को बुरुजाचा गणेश बुरूज झाला. वरचं चर्च आज बिनछपराचं उभं आहे.

आपण इतिहास वाचतो तो इथपर्यंतच. किल्ला घेतला, विषय संपला!

पण पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती माणसं कुठे गेली नाहीत. ती पोर्तुगीज नव्हेत, इथलीच. पण त्यांच्या घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून एक वेगळीच बोली तयार झाली होती, ती राहिली. ते तिला 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे ती आळी ओलांडली की बदलते.

उतरल्यावर गावात एका मावशींकडे पाणी मागितलं. माझ्याशी अस्सल कोकणपट्टीतली मराठी. मग आत वळून नातीला काहीतरी म्हणाल्या, त्यातलं अक्षर कळलं नाही. नात आतूनच ओरडली, "आणते गं!"

मराठीत.

घरच्या गणपतीत दर वर्षी 'मराठीचं काही खरं नाही' म्हणून तावातावाने बोलणारा मीच (काकांना विचारा!). भाच्याने इंग्रजीत उत्तर दिलं की मला राग येतो. पण इथे शाळेची, बाजाराची, एस्टीची, सगळी मोठी भाषा मराठी. नातीने सोयीची भाषा उचलली, त्यात तिचं काय चुकलं? मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि नातीला पुन्हा त्यांच्याच भाषेत काहीतरी सांगितलं.

दीडशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता गेली, तिला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. तरी ही बोली अजून चुलीपाशी टिकून आहे. तटाच्या दगडांचे फोटो मी पुष्कळ काढले. मावशींना मात्र एक शब्दही विचारायचं सुचलं नाही. निदान पाण्याला काय म्हणतात एवढं तरी विचारायला हवं होतं.

असो. पुन्हा जायचंय.