तोफ केवढी हवी?

बोरिवलीहून डहाणू लोकल पकडली की बोईसर लागतं, आणि तिथून जवळच तारापूर. हे गाव ज्यांच्या आडनावात आहे ते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९२३ साली मुंबईत जन्मले. सप्टेंबर १९६५ मध्ये ते 'सतरा पूना हॉर्स'चे कमांडर होते. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्यांवर २० पौंडी, म्हणजे ८४ मिमीची तोफ होती आणि समोरच्या पॅटनवर ९० मिमीची. कागदावर पॅटन वरचढ. तरीही ११ सप्टेंबरला फिल्लौरा भारताच्या हाती आलं. १६ तारखेला तारापोर रणांगणावर पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

पण या एका लढाईवरून तोफेचा आकार गौण आहे असं ठरवू नका. पुढच्या काळात चिलखत जाड होत गेलं आणि तोफाही वाढल्या. विजयंतावर १०५ मिमी आली, टी-७२ वर १२५. अर्जुनसाठी पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संस्थेने १२० मिमीची तोफ घडवली, तीही आतून आटे असलेली.

हे आटे का? आट्यांमुळे गोळा स्वतःभोवती फिरतो. 'हेश' नावाचा गोळा लक्ष्यावर चपटा होऊन मग फुटतो आणि बंकर, भिंतींवर चांगला चालतो. त्याला हे फिरणं मानवतं. उलट चिलखत भेदणारा बाण बारीक, लांब आणि शेपटीला पंख असलेला. त्याला फिरायला नको असतं. त्यासाठी सरकतं कडं बसवावं लागतं. जगातल्या बहुतेक सैन्यांनी म्हणूनच गुळगुळीत नळी निवडली. आपल्या टी-७२ आणि टी-९० ची नळीही गुळगुळीत. म्हणजे एकाच सैन्यात दोन तोफा आणि दारूगोळ्याच्या दोन वेगळ्या साखळ्या.

१२५ मिमीचीही एक अडचण आहे. टी-७२, टी-९० मध्ये यंत्रच गोळा भरतं. खालच्या गोल चकतीत २२ गोळे मावतात. माणूस एक कमी लागतो, रणगाडा बुटका राहतो. पण बाणाची लांबी त्या चकतीत बसेल तेवढीच! नळी कितीही रुंद करा, बाण लांब झाला नाही तर भेदकता फारशी वाढत नाही.

आता जर्मनीच्या राइनमेटालने १३० मिमीची तोफ आणली आहे आणि फ्रान्सच्या नेक्स्टरने १४० मिमीची. १२० मिमीचा गोळा साधारण २० किलोचा, १३० चा सुमारे ३०. चालत्या रणगाड्यात, अंधारात, दणक्यांमध्ये तो वारंवार हातांनी उचलणं कठीण, म्हणून यंत्र आलंच. आणि एकेक गोळा मोठा झाला की आत मावणारे गोळे कमी.

२०२१ मध्ये भारतीय सैन्याने भविष्यातल्या सुमारे १,७७० रणगाड्यांसाठी माहिती मागवली. त्यांची तोफ आज ठरेल आणि तिचा दारूगोळा पुढची ३०-४० वर्षं कारखान्यांना बनवावा लागेल. म्हणून 'सर्वांत मोठी कुठली?' एवढंच विचारून भागत नाही. आत किती गोळे मावतील, ते कोण भरेल, ते आपल्याकडे बनतील का, हेही विचारावं लागतं.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन आणि पॅटन दोन्ही उभे आहेत. गेलात तर नळ्यांची तुलना जरूर करा. मग क्षणभर थांबा आणि आत बसणाऱ्या माणसांना किती जागा होती तेही पाहा.