बाळंतिणीचा जंतुदोष : गुणांकनाचा आकडा किती विश्वासाचा?

अकोला, प्रतिनिधी

ओल्या बाळंतिणीला ताप आला की घरात दोन कारणे आधी पुढे येतात. दूध भरले असेल, नाहीतर अकोल्याचे ऊन बाधले असेल. गर्भाशयातील जंतुसंसर्गाची शंका बहुधा शेवटी येते, आणि तोवर मोलाचे तास निघून गेलेले असतात.

संसर्गामुळे मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत असे अवयव निकामी होऊ लागले की त्या अवस्थेला मातेचा सेप्सिस, म्हणजेच जंतुदोष म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये केलेल्या व्याख्येत गरोदरपण, प्रसूती, गर्भपातानंतरचा काळ आणि सूतिकाकाळ यांचा समावेश आहे. वैद्यकशास्त्राचा सूतिकाकाळ ४२ दिवसांचा; आपल्याकडचा सव्वा महिनाही जवळपास तेवढाच. भारतात २००१ ते २००३ या काळातील मातामृत्यूंपैकी सुमारे ११ टक्के जंतुदोषाने झाल्याचे नमुना नोंदणी पाहणीत आढळले होते.

अशी रुग्ण अतिदक्षता विभागात आली, की ती वाचेल का, हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. त्याचा अंदाज बांधण्यासाठी डॉक्टर गुणांकन वापरतात. त्यांपैकी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘सोफा’ पद्धत सर्वाधिक रुळली आहे. श्वसन, रक्त गोठणे, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण २४. गुण जितके अधिक, तितका धोका मोठा.

अडचण अशी की हे मोजमाप सर्वसाधारण रुग्णांवरून ठरले आहे. गरोदरपणात रक्तदाब मुळातच थोडा उतरतो, नाडी जलद होते, पांढऱ्या पेशी वाढतात आणि क्रिएटिनिन घटते. क्रिएटिनिन १.१ असेल तर ‘सोफा’ शून्य गुण देते, म्हणजे मूत्रपिंड ठीक. गरोदर स्त्रीच्या बाबतीत मात्र हाच आकडा चिंतेचा आहे. याउलट, १९८५ ची ‘अपॅची-२’ पद्धत प्रसूती रुग्णांचा मृत्यूचा धोका प्रत्यक्षाहून जास्त दाखवते. एक पद्धत खोटा धीर देते, दुसरी नको तेवढी भीती घालते. म्हणूनच एकदाच काढलेल्या आकड्यावर नातेवाइकांना निकाल सांगणे योग्य नव्हे. गुण दर दिवशी चढतात की उतरतात, ते अधिक बोलके असते.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये मातांसाठी खाटेजवळची सोपी कसोटी सुचवली. वरचा रक्तदाब ९० हून कमी, श्वास मिनिटाला २५ किंवा अधिक, आणि शुद्धीत फरक. यांपैकी दोन लक्षणे दिसली तर सेप्सिस गृहीत धरायचा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. अकोट, तेल्हारा, पातूरच्या रुग्णालयांतून अकोल्याला रुग्ण केव्हा हलवायची, हे ठरवताना अशी कसोटी ‘सोफा’पेक्षा अधिक उपयोगी पडावी. अकोल्यात जिल्हा स्त्री रुग्णालय आहे आणि २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. पण तेथे पोहोचेपर्यंतचा वेळ कोणत्याही गुणांकनात धरला जात नाही. प्रतिजैविकाचा पहिला डोस शक्यतो तासाभरात पडावा आणि गर्भाशयात अडकलेला वारेचा तुकडा किंवा पू लवकर काढला जावा, यावर बरेच काही अवलंबून असते.

प्रतिबंधाच्या बाबतीत एक मोठी चाचणी विदर्भाच्या परिचयाची आहे. सात देशांतील २९ हजारांहून अधिक स्त्रियांवरील या अभ्यासात नागपूर व बेळगाव ही भारतातील केंद्रे होती. प्रसूतिवेदनांदरम्यान ॲझिथ्रोमायसिनचा २ ग्रॅमचा एकच तोंडी डोस दिल्याने मातेचा सेप्सिस किंवा मृत्यू यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही चाचणी नैसर्गिक प्रसूती अपेक्षित असलेल्या स्त्रियांपुरती होती. सिझेरियनच्या वेळी चीर देण्यापूर्वी प्रतिजैविक देण्याची पद्धत वेगळी आहे.