महामारीविषयक वैज्ञानिक साहित्याचे मापन

महामारीविषयक वैज्ञानिक साहित्याचे मापन : नव्याने उद्भवून जगभर पसरलेल्या रोगासंबंधी कोणत्या देशांत, किती व कोणत्या प्रकारचे शास्त्रीय लेखन प्रसिद्ध झाले, याची संख्यात्मक मोजदाद. हा विज्ञानमितीचा एक भाग होय. संशोधनाचा वेग व दुर्लक्षित राहिलेले प्रश्न त्यावरून कळतात. मात्र लेखसंख्येची वाढ म्हणजे ज्ञानाची वाढ नव्हे, हे कोव्हिड–१९ च्या साथीत विशेष स्पष्ट झाले.

पार्श्वभूमी : जॉन शॉ बिलिंग्झ यांनी अमेरिकेत १८७९ मध्ये सुरू केलेल्या इंडेक्स मेडिकस या सूचीमुळे वैद्यकीय लेख विषयवार शोधणे सुलभ झाले. यूजीन गारफील्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्समुळे (१९६४) एखाद्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला, याचा माग काढता येऊ लागला. डेरेक डी सोला प्राइस (१९२२–८३) यांनी याच सुमारास विज्ञानसाहित्य साधारणतः १० ते १५ वर्षांत दुप्पट होते, असे प्रतिपादिले.

नामभेदाची अडचण : नव्या रोगाचे नाव आरंभी स्थिर नसते. एड्सची पहिली नोंद जून १९८१ मध्ये झाली. त्याच्या विषाणूला एलएव्ही, एचटीएलव्ही–३ अशी नावे मिळून एचआयव्ही हे नाव १९८६ मध्ये रूढ झाले. कोव्हिड–१९ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर केले. एकाच नावाने शोध घेतल्यास आरंभीचे, म्हणजे सर्वांत मोलाचे, लेखन निसटते.

गणनेतील दोष : ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआय व सहयोगी संस्थांनी १६ मार्च २०२० रोजी खुल्या केलेल्या कोर्ड–१९ या संग्रहात सुमारे २९,००० लेख होते, जून २०२२ मध्ये तो थांबला, तेव्हा ही संख्या १० लाखांहून अधिक झाली होती. परंतु त्यात सार्स व मर्स यांवरील जुने लेखही होते. शिवाय तज्ञांच्या परीक्षणापूर्वी प्रसृत केलेला मसुदा व त्याचेच पुढील मुद्रित रूप स्वतंत्र धरल्यास एक संशोधन दोनदा मोजले जाते.

संख्या व विश्वसनीयता : हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रुग्णांस अपायकारक ठरते, असा निष्कर्ष सुमारे ९६,००० रुग्णांच्या माहितीवरून काढणारा लेख लॅन्सेट या नियतकालिकात २२ मे २०२० रोजी प्रसिद्ध झाला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबविला. मूळ माहितीची स्वतंत्र तपासणी करता न आल्याने हा लेख ४ जून रोजी मागे घेण्यात आला. असे लेख गणनेत राहतात आणि त्यांना संदर्भनिर्देशही मिळत राहतात. यास्तव शोधाची तारीख, शोधशब्द, लेखांचे प्रकार व मागे घेतलेल्या लेखांची वेगळी नोंद दिल्याखेरीज अशा आकड्यांवरून उपचार किंवा धोरण ठरविणे सुरक्षित नसते.