सरकलेली गादी आणि साडेतीन हजार वर्षं

सध्या मुक्काम अरुणाचलात, पश्चिम कामेंगच्या डोंगरात. आठ दिवस पाऊस थांबलेला नाही, त्यामुळे संध्याकाळी रोल कॉल झाला की सगळे बुखारीभोवती. तिथेच परवा आमच्या सेक्शनमधला एक पोरगा मोठा पिवळा लिफाफा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. वय चोवीस, गाव बिहारमधलं. महिन्यापूर्वी पाण्याचा भरलेला जेरिकॅन उचलताना त्याच्या कमरेत कट्‌कन झालं आणि तेव्हापासून डाव्या पायात अंगठ्यापर्यंत कळ जाते. लिफाफ्यात एमआरआयची फिल्म होती. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे. आमच्या फौजी भाषेत ‘पीआयव्हीडी’.

त्याचा बेत ठरलेला होता. सुट्टीवर जायचं, शहरात खाजगी ऑपरेशन करून घ्यायचं आणि युनिटला कळू द्यायचं नाही. कळलं तर मेडिकल कॅटेगरी खाली येणार, आणि दोन महिन्यांवर त्याचा कॅडर आहे. “उस्ताद, आपकी भी तो कमर गई थी. आपने क्या किया?” त्याने विचारलं.

मी काय केलं ते सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण माझ्या गोष्टीच्या मागे एक फार जुनी गोष्ट आहे. तीच आज इथे लिहितो. मी डॉक्टर नाही. कमरेने आडवं पाडल्यावर पडल्यापडल्या जे वाचलं, तेवढंच माझं भांडवल.

माझी कंबर गेली राजस्थानात, गाडीतून अ‍ॅम्युनिशनची पेटी उतरवताना. चौदा वर्षं झाली. सुट्टीवर घरी पोचलो तर आजीने आधी निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, मग वाडीतल्या एका पायाळू माणसाला बोलावलं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी आपल्याकडची समजूत. त्याने तीन वेळा पाय लावला. आजीच्या समाधानासाठी मी “बरं वाटतंय” म्हणालो. शेजारचे एक काका बिब्ब्याचा डाग द्यायला तयार होते, पण तिथून मी पळालो.

तेव्हा हसलो होतो, पण पुढे वाचताना हसू गेलं. चरकसंहितेत या दुखण्याचं नाव ‘गृध्रसी’ आहे, गृध्र म्हणजे गिधाड यावरून. रोगी गिधाडासारखा वाकडा चालतो, असा त्याचा अर्थ लावतात. वेदना कुल्ल्यापासून सुरू होते आणि कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी क्रमाने खाली उतरते, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. माझी कळ नेमकी त्याच रस्त्याने जात होती. उपाय म्हणून शीर उघडून रक्त काढणं, बस्ती आणि अग्निकर्म, म्हणजे डागणं, सांगितलं आहे. काकांचा बिब्बा असा जुन्या घराण्यातला निघाला.

याहून जुना कागद इजिप्तचा. एडविन स्मिथ नावाच्या माणसाने 1862 मध्ये लक्सरला विकत घेतलेली पपायरसची ही गुंडाळी इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमाराची मानतात. तिच्यात डोक्यापासून खाली येत 48 रुग्णांच्या जखमा लिहिल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा लढाईतल्या असाव्यात असं अभ्यासकांना वाटतं. अठ्ठेचाळिसावा रुग्ण पाठीचा मणका लचकलेला. वैद्य त्याला सांगतो, पाय लांब कर. तो करतो आणि दुखलं म्हणून लगेच आखडून घेतो. वैद्य म्हणतो, यावर मी इलाज करीन. उपाय सुरू होतो न होतो तोच लिहिणाऱ्याचा हात थांबला आहे, वाक्य अर्धवट सोडून. पाठदुखीचा सर्वांत जुना लेख असा इलाजाच्या ऐन तोंडाशी तुटला.

पाय लांब करून बघायची ती परीक्षा मात्र टिकली. 1764 मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने पायात जाणारी ही कळ सांध्याची नसून नसेची आहे, हे वेगळं काढून दाखवलं. 1880 मध्ये सर्बियाच्या लाझा लाझारेविच याने रुग्णाला उताणं झोपवून सरळ पाय वर उचलला की नस ताणली जाते आणि कळ उठते, असं लिहिलं. हा माणूस फौजेतही डॉक्टर होता आणि त्याच्या भाषेतला नावाजलेला कथाकारही. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लासेगच्या विद्यार्थ्याने हीच परीक्षा आपल्या गुरूच्या नावावर मांडली, आणि जगात नाव लासेगचं झालं. आमच्या एमआय रूममध्ये डॉक्टरसाहेब आजही टेबलावर झोपवून पाय वर उचलतात. पोराचा पाय तिसेक अंशांवरच अडकला.

म्हणजे दुखणं ओळखणं जुन्यांनाही जमत होतं. दुखतं कशामुळे हे कळायला मात्र 1934 उजाडलं. दोन मणक्यांच्या मधली गादी बाहेरून चिवट कड्यांची आणि आत पाणीदार गराची असते. कडं फाटून गर मागे आला की तो नसेवर दाब देतो, शिवाय नसेला सूजही येते. त्या काळच्या सर्जनांनी असे गोळे काढले होते, पण ते कूर्चेची गाठ समजून. 1932 मध्ये बॉस्टनला एक तरुण आला. स्कीइंग करताना पडून त्याची पाठ दुखावली होती. मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी त्याच्या ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा निरखून पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं की ही गाठ नाही, ही तर फाटलेली गादी. त्यांनी जुने नमुनेही पुन्हा तपासले आणि 1934 मध्ये 19 रुग्णांचा लेख छापला.

त्या लेखानंतर जगभर गादीचं राज्य सुरू झालं. पाठ दुखली की गादी दोषी आणि गादी दोषी की चाकू. या काळातला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण आपल्यासारखाच गणवेशातला होता. जॉन केनेडीला 1941 मध्ये पाठीमुळेच अमेरिकेच्या आर्मीने नाकारलं. मग तो वशिल्याने नेव्हीत शिरला. 1943 च्या ऑगस्टमध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्याची बोट चिरली, तेव्हा जखमी साथीदाराच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून तो तासन्‌तास पोहला. पुढच्या वर्षी त्याच्या पाठीचं पहिलं ऑपरेशन झालं, पण गुण आला नाही. 1954 मध्ये मणके जोडायला धातूची पट्टी बसवली, तर जंतुसंसर्ग होऊन तो मरता मरता वाचला. काही महिन्यांत पट्टी काढावी लागली. 1957 मध्ये पुन्हा चाकू. अध्यक्ष झाल्यावरही कमरेला पट्टा होताच. अखेर 1961 मध्ये हान्स क्राउस या डॉक्टरने त्याला व्यायामाला लावलं, आठवड्यातून तीन दिवस, आणि तेव्हा कुठे फरक दिसू लागला. देशातले उत्तम सर्जन दिमतीला असलेल्या माणसाची ही कथा.

चाकू नको म्हणून एक उपाय पपईतूनही निघाला. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो ना, तिच्या चिकातलं पपेन. 1956 मध्ये लुईस थॉमस यांनी लिहिलं की सशाच्या शिरेत पपेन टोचलं की त्याचे ताठ कान कुत्र्याच्या पिल्लासारखे खाली पडतात आणि काही दिवसांनी पुन्हा उभे राहतात. कानातली कूर्चा विरघळते, तर गादीतला गर का विरघळू नये? 1963 मध्ये लायमन स्मिथ यांनी पपईतलंच एक द्रव्य माणसाच्या गादीत टोचलं. बऱ्याच जणांना गुण आला आणि 1982 मध्ये अमेरिकेने रीतसर परवानगी दिली. पण काहींना जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली, काहींच्या मज्जारज्जूला इजा झाली. वापर घटत गेला आणि शेवटी ते औषध बनायचंच थांबलं.

तिसरा उपाय माझ्या वाट्याला आलेला. लाकडी फळीवर तीन आठवडे सक्तीची विश्रांती. फळीवरून उठलो तेव्हा मांड्या लाकडासारख्या ताठ आणि कळ जिथल्या तिथे. पुढे वाचलं तर 1986 मध्येच डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं. पाठदुखीच्या 203 रुग्णांपैकी निम्म्यांना दोन दिवस विश्रांती सांगितली, निम्म्यांना सात. दोन दिवसवाल्यांची कामावरची गैरहजेरी 45 टक्क्यांनी कमी भरली आणि बरं होण्यात काही फरक पडला नाही. त्यांचे रुग्ण बहुतेक पायात कळ नसलेले होते, हे खरं. तरी तीन आठवडे फळीवर काढलेल्या माणसाला ते वाचून काय वाटलं असेल, विचारू नका.

आता पोराच्या हातातल्या फिल्मविषयी. 1994 मध्ये पाठ मुळीच न दुखणाऱ्या 98 लोकांचा एमआरआय काढून पाहिला. सगळ्या गाद्या ठीकठाक असलेले निघाले फक्त 36 टक्के. म्हणजे बुखारीभोवती बसलेल्या आम्हा दहाजणांची फिल्म काढली तरी सहाजणांत काही ना काही निघेल, आणि उद्या सकाळी ते सहाही पीटीला पळतील. फिल्म आणि दुखणं जुळतंय का, ते पाय उचलून बघणारा डॉक्टरच सांगणार.

आणि ऑपरेशन? नॉर्वेच्या वेबर यांनी 1983 मध्ये आपला अभ्यास छापला. ऑपरेशन करावं की नाही याची शंका होती अशा 126 रुग्णांपैकी चिठ्ठी टाकावी तसे काहींना ऑपरेशन, काहींना साधे उपचार. एका वर्षानंतर ऑपरेशनवाले पुढे होते. चार वर्षांनी अंतर कमी झालं, दहा वर्षांनी दोघेही सारखेच. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, हे नंतर एमआरआयवरही दिसलं. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरते.

म्हणून ऑपरेशन वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या जुन्या युनिटमधल्या एका ड्रायव्हरचं एका रात्रीत पाऊल लुळं पडलं, बैठकीची जागा बधिर झाली आणि लघवी अडकली. तिथे सहा आठवडे थांबायचा प्रश्नच नव्हता. त्याला तातडीने खाली नेऊन ऑपरेशन झालं आणि आज तो चालतो, गाडीही चालवतो. ही लक्षणं प्रत्येकाने पाठ करून ठेवावीत. बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद घटत जाणं. तिथे घाईच हवी. आणि आठवड्यांमागून आठवडे जाऊनही कळ झोपू देत नसेल, तर दुर्बिणीखाली छोट्या छेदातून होणारं आजचं ऑपरेशन पायाच्या दुखण्यातून लवकर सोडवतं. नुसत्या कमरेच्या दुखण्याला त्याचा भरवसा कमी.

मी स्वतः ऑपरेशन केलं नाही. दोन वर्षं खालच्या कॅटेगरीत काढली, एक बढती मागे पडली. बरोबरचे पुढे गेले तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रोज चालणं आणि फिजिओने शिकवलेले पाच व्यायाम आजही करतो. थंडीत कंबर आठवण करून देते, पण वजन उचलतो, पोस्टवरही चढतो.

पोराला एवढंच म्हणालो, “लपवून ऑपरेशन केलंस तर नंतर पिट्ठू कुणी उतरवणार नाही. कुणाला माहीतच नसेल.” तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी लिफाफा घेऊन आपणहून एमआय रूममध्ये गेला. डॉक्टरसाहेबांनी अंगठ्याची ताकद तपासली, ती शाबूत आहे. गोळ्या, फिजिओ आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तोवर कळ हटली नाही तर ऑपरेशनचा विचार, पण फौजेच्या इस्पितळात आणि कागदावर. कॅडर बहुधा हुकेल. ते त्याला ठाऊक आहे.

आज पावसाने अर्धा तास उघडीप दिली, तर हेलिपॅडला फेऱ्या मारताना दिसला. थोडा वाकडा, पण चालत होता. मीही रेनकोट चढवला आणि त्याच्याबरोबर चार फेऱ्या मारून आलो.